रोल्यातला काटा

बाराला दहा कमी. दुकानाचं शटर अर्धं खाली.
दुबईच्या बाजूचं आभाळ आत्तापासूनच
उतावीळ झालंय.
वर्षातला शेवटचा खोका गेला गुहागरला, बेचाळीस किलो:
दुधाची पावडर, दोन ब्लँकेटं, बाम,
आणि कुणाच्या तरी नातवाची सायकल, सुटी करून.
शारजाच्या या गल्लीत एकोणीस वर्षं
मी लोकांची माया तोलतोय.

काटा रिकामा. लाल शून्यं लुकलुकतायत.
देवळात शिरताना काढतो तशा चपला काढल्या
आणि चढलो.

त्र्याण्णव किलो, चारशे ग्रॅम.

सवयीनं हात कॅल्क्युलेटरवर गेला.
समुद्रानं पाठवला तर चारशे सदुसष्ट दिरहम,
विमानानं अकराशे वीस, वर ऐंशी फिल्स.
पॅकिंग वेगळं.

पोटासाठी आलो होतो.
आलं पोट.

आलो तेव्हा पट्ट्याला खिळ्यानं
आतल्या बाजूला भोकं पाडायचो.
मग खालच्या कॅफेटेरियातला करक, दिवसाला सहा,
मग मेसचा भात, डोंगरासारखा,
मग खुबूस. उरला तर जिवाला लागतं
म्हणून उरवायचाच नाही.
गावी गेलो की चुलती दंड चाचपून म्हणते,
मानवलं हो तुला तिकडचं.
मीही पोट पुढं काढून चालतो थोडा,
घराचा वरचा मजला दाखवावा तसा.

मकबूल परकार माझ्या वरच्या बंकवर असायचा.
खोके बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.
दर डिसेंबरात म्हणायचा, एक तारखेपासून चालायचं, भाऊ,
कॉर्निशपर्यंत, बिलानागा.
यंदा तर बूटही आणले होते, नऊ नंबरचे.
नोव्हेंबरात एका सकाळी अलार्म वाजत राहिला,
बंद करायला वरून हात आला नाही.

पेटीसकट त्यालाही तोललं कार्गोत.
एकशे एकोणतीस.
कागदावर मीच सही केली. रकान्यात लिहिलं होतं: ग्रॉस.
नेट किती, कुणी विचारलं नाही.

सामान पाठवताना त्याच्या बायकोला फोन केला.
बुटांचं काय करू, वहिनी?
बराच वेळ नुसती हवा.
मग म्हणाली, तुम्हीच घाला. तेवढेच चालतील.

माझा पाय आठ नंबरचा. दोन मोजे घातले.

पहिल्या दिवशी दुसऱ्या सिग्नलपर्यंत.
फजरची बांग होऊन गेलेली, खाडीत
लाकडी गलबतांवर फ्रिज आणि कांदे चढत होते,
एक मिसरी म्हातारा जपमाळ ओढत
मला तीनदा ओलांडून गेला.
दम असा लागला की
समुद्र बघायला थांबलोय असं दाखवलं.

करक सहाचे दोन झाले. दुसरा बिनसाखरेचा,
त्याला चहा म्हणणं चहाचा अपमान आहे.
रात्री कुंदाचा व्हिडिओ कॉल: ताट दाखवा.
गुहागरला बसून ती माझे खुबूस मोजते.
दोनदा मोबाईल मुद्दाम वर धरला.
चार तारखेला शोरमा खाल्ला, तोही मेयोनीजसकट.
खोटं कशाला बोलू.

पण सकाळी उठतो.
वरचा बंक आता एका नेपाळी पोराला दिलाय.
त्याचा अलार्म माझ्या आधी वाजतो
आणि मी श्वास धरून पडतो,
वरून हात येईपर्यंत.

जानेवारीचा शेवटचा दिवस. शटर अर्धं खाली.
काट्यावर चढलो.
ब्याण्णव किलो, आठशे ग्रॅम.
सहाशे ग्रॅम गेले.
कुंदानं दिवाळीत पाठवलेली आमसुलं
बरोब्बर तेवढीच भरली होती.
कुठल्या पत्त्यावर गेले, पावती नाही.

उतरताना खाली बघितलं.
बूट पायातच होते.

ते वेगळे तोलले नाहीत.